पिस्तूल बराबर होतं

कमळ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बंदोबस्तावर होते. कापसाच्या गाडीवरून दोघांची जुंपली होती आणि मी मध्ये पडून दोघांनाही झापत होते. फोन तिच्या नवऱ्याचा, वसंत भावजींचा. "ताई, कमळ गेली," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हटलं. बरं! अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल याचा काही भरवसा नाही. मग त्या भांडणाऱ्यांतलाच एक जण हळूच म्हणाला, "म्याडम, काहून रडून राहिल्या?" तेव्हा कळलं की मी रडते आहे. आता महिना होऊन गेला. भेटेल तो म्हणतो, सुटली बिचारी. मला तो शब्द सहन होत नाही. तिला सुटायचं नव्हतं...

आम्ही दोघी पोलिसात एकदमच भरती झालो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती. ती सिद्धेश्वर धरणाजवळच्या तांड्यावरची कमळ राठोड, मी वसमतच्या एका कारकुनाची मुलगी माधुरी. पोरगी खाकी घालणार म्हणून माझ्या आईने अंथरूण धरलं, आणि तिच्या याडीने, म्हणजे आईने, तांडाभर गूळ वाटला. चांदमारीच्या मैदानावर, म्हणजे आमच्या गोळीबाराच्या सरावाला, पहिल्यांदा उभं केलं तेव्हा मी दोन्ही डोळे मिटून घेतले होते. माझी गोळी कुठे गेली ते आजवर कुणाला सापडलेलं नाही. कमळची थेट काळ्या गोलात. "माधे, तुझ्या गोळीला घरच न्हाई गं, दिसंल तिथं मुक्काम करती," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली आणि अख्खी तुकडी हसली. तिथूनच आमचं जमलं. तुला हे येतं कसं, असं एकदा विचारलं तर म्हणाली, "हात उचलला ना, का सगळं शांत होतंय. घरचं, दारचं, समदं."

हिंगोली जिल्हा झाला, आम्ही दोघी तिथल्याच पोलिसात राहिलो. कमळ जिल्ह्यातली पहिल्या नंबरची नेमबाज होती. राज्याच्या स्पर्धेला यंदा तिचं नाव जाणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. लग्नानंतरही ती भावजींसह तांड्यावर याडीजवळच राहायची, आणि रोज तिला सांगायची, पुण्याला जाऊन येते मग तुला साडी आणते, आणि याडी रंगसुद्धा सांगून मोकळी झाली होती. त्याच सुमाराला एक लहान पिस्तूल आमच्याकडे तपासायला आलं. साध्या कपड्यातल्या बायकांना पर्समध्ये किंवा ओढणीखाली नेता येईल असं. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नव्हती. हातात कसं बसतं, झटका किती देतं, मध्येच अडकतं का, गोळ्या एका जागी पडतात का, हे बघून साहेबांना वर कळवायचं होतं. साहजिकच ते कमळच्या हातात दिलं.

तिने पाच गोळ्या झाडल्या. पिस्तूल अडकलं नाही, पण गोळ्या वाट्टेल तिथे पडल्या, दोन तर खाली मातीत. साहेब टार्गेटकडे बघतच राहिले.

"साहेब, पिस्तूल खाली मारून राहिलं," कमळ म्हणाली.

आमच्या मैदानाची एक रीत होती. शस्त्राला नाव ठेवायचं तर आधी ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं. दोघांचंही हुकलं तर दोष शस्त्राचा, एकाचंच हुकलं तर दोष त्याच्या हाताचा. साहेब दुसरा हात शोधायला लागले, तशी कमळच म्हणाली, "माधीला द्या ना साहेब. ती बी चालंल." मला अगदी भरून आलं. इतक्या जणांत मैत्रिणीने माझं नाव घेतलं!

मी उभी राहिले. आणि काय सांगू, जन्मात जे जमलं नव्हतं ते त्या सकाळी जमलं. पाचही गोळ्या काळ्या गोलात, एका वाटीखाली झाकता येतील अशा. मी लहान पोरीसारखी उड्या मारायला लागले. "कमळे, बघ गं! बघ तरी!" ती टार्गेटकडे बघत नव्हती. स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत होती. अंगठ्याजवळचं मांस आत गेलेलं, तिथे खड्डा पडलेला. मी ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या उड्या जागीच थांबल्या.

साहेब मनाने चांगले होते. म्हणाले, "राठोड, आज बरं नसेल तुम्हाला. पुढच्या आठवड्यात परत बघू." तिने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. नाव तसंच पुढे गेलं असतं.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "पिस्तूल बराबर हाय. माझा हात बराबर न्हाई."

स्पर्धेला दुसऱ्याचं नाव गेलं. येताना बसमध्ये तिने मला सांगितलं की कित्येक महिन्यांपासून तिला गुंड्या लावता येत नव्हत्या, वेणी याडी घालून देत होती; नेहमीच्या भरीव मुठीच्या पिस्तुलावर तेवढं कसंबसं निभावत होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. अर्थ एवढाच की स्नायू वाळत जाणार आणि त्याला औषध नाही. आधी हात गेला, मग दुसरा, मग पाय. तिला टेबलाचं काम दिलं, पुढे तेही सुटलं. मी सुट्टी मिळाली की तांड्यावर जायचे. ओसरीत तिची खाट असायची. एका दुपारी तिला वरणभात भरवत होते, तर घास गालात धरूनच म्हणाली, "त्या दिशी तुला काहून बोलावलं, कळलं का?"

"मैत्रीण म्हणून."

"कशाची मैत्रीण! तू हुकवशील म्हणून. दोघींचं हुकलं का पिस्तूल खराब ठरलं असतं. आन तू बये, नेमकी त्याच दिशी..." ती हसायला लागली, तिला ठसका लागला, मी पाठ चोळत हसत होते. मग आम्ही दोघीही रडलो. माझ्या त्या पाच गोळ्यांचा मला इतका राग कधी आला नव्हता. देवाने एकदाच हात दिला, तो तरी कधी द्यावा!

तेराव्यानंतर पुन्हा गेले. शेवटचे काही महिने थंडीमुळे तिची खाट आतल्या खोलीत हलवली होती, आणि त्या महिन्यांत मला सुट्टीच मिळाली नव्हती, म्हणून तिथे मी कधी गेले नव्हते. खाटेसमोरच्या भिंतीवर कोळशाने काढलेला एक भरीव काळा गोल होता. मी भावजींकडे बघितलं.

"तिनंच काढून घेतला माझ्याकडून," ते म्हणाले. "जरा वर घ्या, जरा इकडं घ्या, असं करत धा वेळा पुसायला लावला. मंग दिसभर त्याच्याकडं बघत पडायची. म्हणायची, मी मारून राहिले. सांजच्याला मी रानातून आलो का सांगायची, आज एक बी हुकली न्हाई."

ते चहा टाकायला गेले. मी तिच्या खाटेवर बसले आणि उजवा हात त्या गोलासमोर धरला. माझा हा असला कच्चा हात, पण सरळ राहिला, जरासुद्धा हलला नाही. त्यात काही बिघाड नव्हता. भावजी चहाची कपबशी घेऊन समोर येऊन उभे राहिले, तरी मला हात खाली घेता येईना.