व्याही मान खाली का घालायचे

माझ्या व्याह्यांनी मला अकरा वर्षं फसवलं, आणि ही गोष्ट मला एका नंदीबैलामुळं कळली.

मी बैलांचा व्यापारी. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी होता. एका लंगड्या गोऱ्ह्यापासून मी धंदा उभा केला आणि निजामाच्या राज्यात परतूरच्या बाजारात चार माणसं मला ओळखू लागली. तेव्हा बैलाचा भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. दोघांनी हात पुढं करायचे, वरून उपरणं टाकायचं आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे दहा हाली, म्हणजे निजामी, रुपये, अख्खा पंजा म्हणजे पन्नास. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते कुणाला कळत नसे.

हात झाकला जायचा, पण चेहरा उघडाच राहायचा. म्हणून चेहऱ्यावर मी फार मेहनत घेतली होती. न्हाव्याच्या आरशासमोर बसून मी तोंड दगडासारखं ठेवायची सवय केली. न्हावी एकदा म्हणाला, "मालक, दाढ दुखून राह्यली का?" तेव्हा मला वाटलं, आता विद्या पूर्ण झाली.

तरी व्याह्यांशी सौदा करताना माझं काही चालायचं नाही. माझी मुलगी आष्टीला त्यांच्या घरी दिली होती. ते घरच्या गाईंचे गोऱ्हे वाढवायचे आणि दरसाल एक जोडी परतूरच्या बाजारात मलाच विकायचे. घासाघीस तासभर चाले. राग मला जल्दी येतो, आणि राग आला की, नुसता उतावीळ झालो तरी, उजवी वहाण जमिनीवर आपटत राहते. व्याही मात्र शांत. सबंध सौदाभर मान खाली घालून उभे राहायचे. मी समजायचो, मुलीच्या बापाचा मान राखतात, नजरेला नजर देत नाहीत. आणि शेवटी मी मनात जास्तीत जास्त जो आकडा धरून गेलेलो असे, बराबर त्याच आकड्याला सौदा पटायचा. दहा रुपये कमी नाहीत, दहा जास्त नाहीत. असं अकरा वर्षं.

बाराव्या वर्षी बाजारात एक नंदीबैलवाला आला. अंगावर झूल, शिंगांना गोंडे आणि गळ्यात कवड्या असलेला त्याचा बैल मान हलवून आकडे सांगायचा. मी मुठीत सात खडे घेतले. बैलानं सात वेळा मान हलवली आणि थांबला. मला वाटलं, मालक मागून इशारा देत असणार. मी मालकाला जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागं पाठवला आणि मुठीत चार खडे घेतले. बैलानं चारदा मान हलवली. मग नऊ. तिथंही बरोबर.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्याला मुठीतलं दिसतं, त्याला मनातलंही दिसत असेल. पुढच्या बाजारी व्याही जोडी घेऊन येणार होते. मी नंदीवाल्याला म्हणालो, "त्या दिवशी तुझा बैल मला पाहिजे."

"चार पायल्या ज्वारी लागंल, मालक."

मी दोनवर अडलो. तीनवर जमलं. बोलताना तोही खाली बघत होता. मला वाटलं, गरीब माणूस आहे, लाजत असेल.

बाजाराच्या दिवशी मी उपरणं टाकायच्या आधीच बैल मधे उभा केला. दीडशे माणूस जमलं. मी मोठ्यानं म्हणालो, "व्याहीबुवा, आज बोटं न्हाईत. तुमच्या मनात शेवटचा भाव काय हाय, ते नंदीच सांगंल. एक मान म्हणजे दहा रुपये. तो सांगंल तो भाव मला कबूल, तुम्हाला कबूल हाय का?"

"देवाचं वाहन हाय," व्याही मान खाली घालूनच म्हणाले. "कबूल."

मी घरून एकशेतीस मनात धरून निघालो होतो, त्यावर एक रुपया नाही असं ठरवून. पण व्याह्यांच्या मनात नव्वद असणार याची मला खात्री होती. बैल मान हलवू लागला. नऊ झाले, थांबला नाही. दहा झाले. माझी वहाण जोरजोरात आपटत होती. अकरा. बारा. तेरा. बैल थांबला.

व्याह्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मी शंभराला देऊन टाकणार व्हतो," ते म्हणाले. "पण नंदी सांगतो त्याला आपण काय करावं."

लोक इतके हसले की बांधलेली जनावरं दावी ओढू लागली. मी नंदीवाल्याच्या अंगावर धावून गेलो. मधे पडले ते आमच्या गावच्या मदरशातले, म्हणजे सरकारी शाळेतले, मास्तर. हैदराबादला सायन्स शिकून आलेले, हडकुळे, पण कुणाला न भिणारे.

"शेठ, त्याला मारू नका. एक मूठ ज्वारी घ्या, दाणे न मोजता. आता बैलाला विचारा, किती दाणे आहेत."

मी विचारलं. बैल मान हलवत राहिला. वीस, तीस, चाळीस. शेवटी कंटाळून त्यानं माझ्या मुठीलाच तोंड लावलं.

"तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून त्यालाही ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "आता दोन खडे घ्या. पण उजवा पाय घोट्यापर्यंत मातीत पुरा."

रागाच्या भरात मी तेही केलं. दोन खड्यांना बैल पंधरापर्यंत गेला.

"त्याला आकडे येत नाहीत, शेठ. तो तुमची वहाण बघतो. मनातला आकडा आला की तुमचा पाय आपोआप थांबतो, तुम्हाला नकळत. पाय थांबला की तो थांबतो."

मी पाय मातीत तसाच ठेवून उभा राहिलो. तेवढ्यात व्याही म्हणाले, "मास्तर, यात सायन्स कशाला पाह्यजे? बैलाला आता कळलं. आम्हाला लग्नाच्या बैठकीतच कळल्तं."

लग्नाच्या बैठकीत. म्हणजे देणंघेणं ठरलं, तेव्हापासून.

मुलगी त्यांच्या घरात नांदत होती. एकशेतीस दिले आणि जोडी घेऊन घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढता वाढता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं. तुमचा पाय थांबला की मी ताट करते. त्याच्या आधी वाढलं तर फेकता."

तिलाही ठाऊक होतं. गड्याला ठाऊक होतं. नंतर विचारलं तर न्हावीही हो म्हणाला.

पुढच्या वर्षी मी दोन्ही पायांवर घट्ट उभा राहून सौदा केला. पाय हलू दिला नाही, पण मग मला आकडाच सुचेना. सगळं ध्यान अंगठ्यात. उपरण्याखाली कुठलं बोट दाबलं ते कळलं नाही, आणि जोडी एकशेचाळीसला पडली. मास्तर म्हणाले, याचंही सायन्समध्ये कारण आहे. मी म्हणालो, ते तुमच्यापाशीच ठेवा.

आता धंदा मुलगा पाहतो. निजाम गेला, हाली रुपया गेला, नंदीबैलही कधीच मेला असेल. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं जे पाहिलं ते भर बाजारात सांगितलं. व्याह्यांनीही तेच पाहिलं आणि पोटात ठेवलं. ते अजून हयात आहेत, कान शाबूत आहेत, माझ्या नातवाच्या जावळाला येणार आहेत. पंगतीत सगळ्यांसमोर त्यांनी मान वर करून मला एवढंच सांगावं. अकरा जोड्या तुम्ही मला विकल्या, व्याहीबुवा. मी आरशासमोर वर्षानुवर्षं बसून जो चेहरा कमावला, त्याच्याकडं तुम्ही एकदा तरी पाहिलं होतं का? होय की न्हाई, तेवढं सांगा.