बर्फावरची रेघ

फ्रीजरमधला सोडला तर मी बर्फ कधी पाहिलेला नाही. तरी चार हिवाळे मी रोज युरोपातल्या एका डोंगरावरच्या बर्फाचा रिपोर्ट लिहिला, केडगावात, स्टेशनपासून दहा मिनिटांवरच्या आमच्या घरात बसून. हे कुणाला सांगायला जावं तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हंजी नेमकं करती काय तू?" शिरूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला हे चार वर्षांत समजलेलं नाही. तिनं सासरी सांगून टाकलंय की मी हवामान खात्यात आहे. मी आता तिला दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

काम तसं सरळ होतं. तिथं लोक पायाला लांब पट्ट्या बांधून डोंगरावरून घसरत खाली येतात, रोपवेच्या पाळण्यात बसून परत वर जातात, पुन्हा घसरतात, आणि एवढ्यासाठी ऑफिसातून रजा काढतात. त्यांचे सकाळचे सात म्हणजे आमचे साडेअकरा. पहाटे डोंगर फिरून आलेला तिथला गस्तप्रमुख आकडे पाठवायचा: बर्फ किती, कोणते पाळणे चालू, कोणती उतरण बंद. ते मी नीट इंग्रजीत मांडून वेबसाइटवर चढवायचे. मग संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्यात बघून बघून 'आत्ता काय परिस्थिती' ते बदलत राहायचं. पुण्यातल्या एका कंपनीमार्फत हे काम होतं. त्याच्यामुळे माझं पुण्याला रोजचं जाणं-येणं थांबलं होतं. सात वर्षं मी पहाटेच्या दौंड-पुणे शटल गाडीत उभ्यानं झोपा काढल्या होत्या, आणि पुन्हा तसं जगायची माझी अजिबात इच्छा नव्हती. ही नोकरी मला टिकवायची होती, बाकी कशाचंही काहीही होवो.

जानेवारीत काही डोक्याला ताप नसतो. बर्फ पडला, लिहा पडला. खरा वैताग मार्चपासून. रात्री बर्फ गोठतो, सकाळी अगदी फरशीसारखा टणक. दहा-अकराला वरचा थर मऊ होतो, तेवढे दोन तास मजेचे. एक वाजला की त्याची खिचडी. मी इमानदारीत लिहायचे, 'दुपारनंतर बर्फ जड आणि ओला.' की लगेच पुण्यातून मॅनेजरचा फोन. "मॅडम, ओला नको. 'वसंतातली मऊ मजा' असं काहीतरी टाका." मजा कसली डोंबलाची. कॅमेऱ्यात दिसायचं की माणसं गुडघाभर रेंद्यात रुतून पट्ट्या शोधतायत. इकडं आमच्याकडं चाळीस डिग्री, लाइट गेलेली, इन्व्हर्टर कुंथतोय, आणि मी घामानं निथळत वसंतातली मऊ मजा लिहितेय.

यात भर म्हणून आप्पा. माझे वडील. दौंडच्या बाजूला रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे रोज सकाळी हातोडा खांद्यावर टाकून आपला ठरलेला रूळ पायी चालणारा माणूस. रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या ठोकायच्या, कुठं भेग दिसते का ते बघायचं, भेग दिसली तर लाल झेंडी लावून गाडी थांबवायची. आयुष्यभर खाली बघून चालल्यामुळे रिटायर झाल्यावर त्यांना बघायला काही उरलं नाही. मग ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून माझ्या स्क्रीनकडं बघत बसायला लागले.

त्या वर्षी एप्रिल लागला आणि आप्पांनी विचारलं, "ती काळी रेघ कसली हाय?"

तीन नंबरच्या कॅमेऱ्यात पोरांची उतरण दिसायची, जिथं बारकी मुलं शिकतात. तिच्या वरच्या चढावर, पांढऱ्यावर आडवी, एक बारीक काळी रेघ. मी म्हटलं, सावली असेल.

"सावली व्हय? मग ऊन फिरलं तरी जागची हालत कशी न्हाई?"

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "कालच्यापरीस मोठी हाय." मी म्हटलं, आप्पा, तुमचा चष्मा बदला. थोड्या वेळानं बघते तर यांनी आरशावरच्या माझ्या दोन टिकल्या काढून रेघेच्या दोन टोकांना स्क्रीनवर चिकटवलेल्या. रुळावर भेगेचा संशय आला की दोन्ही टोकांना रंगाचा ठिपका देतात म्हणे. भेग ठिपक्याच्या बाहेर गेली तर ती वाढतेय. मी कपाळाला हात लावला. एकीकडं व्हिडिओ मीटिंग, आणि मॅनेजरच्या तोंडावर दोन लाल टिकल्या.

तिसऱ्या दिवशी रेघ उजव्या टिकलीच्या बाहेर गेली होती.

अशी भेग वाढत गेली तर तिच्या खालचा सगळा बर्फ एकदम घसरून पोरांवर येऊ शकतो, एवढं मला चार हिवाळ्यांत कळलं होतं. आता मी जरा घाबरले, खोटं कशाला बोलू. पण घाबरल्यामुळे जास्तच चिडले. "आप्पा, तिथं पगारी माणसं आहेत. रोज पहाटे डोंगर फिरतात. त्यांना दिसत नसेल का?"

"माणसं असत्यातच की," आप्पा म्हणाले. "ह्याला वाटतं त्यानं बघितलं असंल, त्याला वाटतं ह्यानं. रूळ तसाच राहतो."

मी गस्तप्रमुखाला मेसेज टाकला. उत्तर नाही. मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आपण रिपोर्ट लिहितो, तपासणी करत नाही. त्यात ईस्टरचा आठवडा आहे, तिकडं फुल गर्दी आहे. प्लीज." प्लीज असं म्हणाला की पुढं बोलायचीच सोय ठेवली नाही.

त्या दुपारी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या तयारीची मीटिंग होती. आप्पांना दोनदा बोलावणं आलं, ते गेले नाहीत. कधीही न चुकवलेली मीटिंग. टिकलीकडं बघत बसले. रेघ आता रेघ राहिली नव्हती, मधून उघडली होती आणि खालची माती दिसत होती. तिच्या बरोबर खाली रंगीत हेल्मेटं घातलेली दहा-बारा पोरं मास्तरामागं रांगेनं चालली होती.

"तुझ्याकडं झेंडी हाय का?" आप्पांनी विचारलं.

होती. वेबसाइटवर मी एखादी उतरण 'बंद' केली की खालच्या पाळण्यापाशी लागलेल्या मोठ्या बोर्डावर तिच्यापुढं लाल दिवा लागायचा. तो अधिकार माझा नव्हता, वरून आलेली माहिती भरण्यापुरतं ते बटण माझ्याकडं होतं. मी आप्पांकडं बघितलं, मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या आणि बटण दाबलं.

पोरांची रांग थांबली. मास्तरानं बोर्डाकडं बघितलं, हात वर केला आणि सगळ्यांना घेऊन खाली गेला. पाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला तो वाजतच राहिला. दोन तासांनी गस्तप्रमुख स्वतः वर जाऊन भेग बघून आला. त्यांना ती आठवड्यापासून माहीत होती, म्हणाला, लक्ष आहे, सध्या काही धोका नाही. उतरण उघडली. पोरं परत वर आली.

आणि काहीच पडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. बर्फ बसून बसून पातळ झाला, भेगेतून गवत दिसायला लागलं आणि हंगाम संपला. मला मात्र कंपनीचा मेल आला होता: अधिकाराबाहेर जाऊन कारवाई केली, पाहुण्यांची गैरसोय झाली, यापुढं खबरदारी घ्यावी. मे महिन्यात दुसरा आला. पुढच्या हंगामापासून या कामाची गरज उरणार नाही.

जूनपासून मी पुन्हा शटलमध्ये.

महिनाभर मी आप्पांशी कामापुरतं बोलले. ते जेवायला वाढायचे, मी जेवायचे. एकदा संध्याकाळी घरी आले तर पाय सुजलेले, त्यात यांनी विचारलं, "लई गर्दी व्हती का?" आणि माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "तुमच्यामुळं झालं हे सगळं. निदान ते पडलं तरी असतं. पडलं असतं तर माझी नोकरी राहिली असती."

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं, मी काय बोलले ते. ती हेल्मेटं डोळ्यांपुढं आली. मी तिथंच खाली बसले.

आप्पा रागावले नाहीत. आत गेले आणि त्यांची पत्र्याची पेटी घेऊन आले. तिच्यात रेशनकार्डाखाली एक पिवळा पडलेला कागद होता. तो मला माहीत होता. मी चौथीत असताना आप्पांनी एक एक्सप्रेस थांबवली होती, आणि भेग म्हणून दाखवली ती साहेबाच्या मते नुसता ओरखडा निघाली. त्याचा हा मेमो. शाळेत पोरं मला गाडीथांबव्याची पोरगी म्हणायची. मी तेव्हा त्यांच्याशी भांडायचे, आणि घरी येऊन आप्पांवर फुगून बसायचे.

"मला बी वाटलं व्हतं तसं," आप्पा कागदाकडं बघत म्हणाले. "साहेबानं गाडी सोडली तवा. म्हनलं, आता तुटू दे. समद्यांच्या म्होरं तुटू दे, मग कळंल ह्यास्नी. गाडीत माणसं व्हती, तरी वाटलं." मग म्हणाले, "त्या रातीला जेवान गेलं न्हाई मला."

"मग?"

"मग काय. सकाळी हातोडा घेतला आन् निघालो. तुझा तो कागद कुठं हाय?"

मी म्हटलं, कागद नाही, मोबाइलवर आहे. मला वाटलं विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून तो मेल झेरॉक्सवाल्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवून घेतला, इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः स्टेशन रोडला गेले आणि प्रिंट घेऊन आले. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही. मला मराठीत वाचून दाखवायला लावलं. गैरसोय झाली, इथं मान हलवली. खबरदारी घ्यावी, इथंही हलवली.

"माझ्यात बी असंच लिव्हलंय," ते म्हणाले. मग घडी घालून तो कागद त्यांच्या कागदाला लावून ठेवला, वर रेशनकार्ड ठेवलं आणि पेटी बंद केली. मी उद्याच्या डब्याची तयारी करायला उठले, सकाळी सहाची शटल होती.