एक्केचाळिसावा फॉर्म

“यांच्यात मार म्हणजे रोजचं जेवण,” प्राध्यापक म्हणाले आणि हसले.

डिंडोलीच्या कामगार वस्तीतल्या त्या खोलीत एकच खुर्ची. तिच्यावर ते. समोर जमिनीवर साड्यांच्या कारखान्यात काम करणारी बाई, ओठ फुटलेला. मी त्यांच्या पाहणीतली दुभाषी. माझं माहेर धुळ्याकडचं, अहिराणी येते, म्हणून मला घेतलेलं. मीही हसले. हे लपवणार नाही.

“तुमना घरमा कसं शे, ताई?” बाईनं मला विचारलं.

“काय म्हणते?” प्राध्यापक.

“काही नाही.”

परदेशी संशोधन वाचून त्यांनी मारणाऱ्या नवऱ्यांचे तीन प्रकार पाडले होते. फक्त घरात मारणारा. संशयानं पेटणारा, मग पाया पडणारा. घरीदारी कुणालाही मारणारा. फॉर्मवर तिन्हींपुढे कारण एकच छापलेलं: रागाच्या भरात तोल जातो.

चाळीस फॉर्म झाले. शेवटच्या दिवशी ते आमच्याकडे चहाला आले. माझे मिस्टर बँकेत अधिकारी. सुपारीसुद्धा खात नाहीत.

“शिक्षण नाही, दुसरं काय!” मिस्टर म्हणाले.

“बेन, तुम्ही नशीबवान,” प्राध्यापक म्हणाले.

मी आत गेले. उरलेला कोरा फॉर्म भरला. लग्नाला चौदा वर्षं. मार सव्वीस वेळा. त्यातल्या चोवीस वेळा आधी टीव्हीचा आवाज वाढवला. आवाज वाढवायचं भान असतं, मग तोल जातो तो कसला? कारणाच्या रकान्यावर मी काट मारली.

“हा एक्केचाळिसावा,” बाहेर येऊन मी तो प्राध्यापकांपुढे धरला.

प्राध्यापकांनी पूर्ण वाचला. मिस्टरांकडे बघितलं नाही. “बेन, हा चालणार नाही. आपल्या पाहणीत फक्त कारखान्यातली कुटुंबं आहेत.”

फॉर्म परत माझ्या हातात. चहा संपवून ते गेले.

मिस्टर उठले. टीव्हीकडे गेले. आवाज वाढला.

मी प्लग उपसला. दार सताड उघडलं. समोरच्या बेन ओट्यावर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मान वर केली.

“दार लाव.”

“नाही लावणार.”

ते खाली बसले. तेव्हा कळलं, तोल सांभाळता येतो.

दुसऱ्या दिवशी एकटीच डिंडोलीला गेले. त्या बाईसमोर जमिनीवर बसले.

“मन्हा घरमाबी तेच शे,” म्हटलं. “सव्वीस येळा.”

ती हसली नाही. फुटक्या ओठानं एवढंच म्हणाली, “मी मोजंच नही.”

सत्तावीस होणार नाही. हात उचलला तर दार उघडं असेल, टीव्ही बंद असेल आणि मी गप्प नसेन.