सगळंच तातडीचं

भाऊजी गेल्याचा फोन ताईनेच केला. "झोपेतच गेले रे…" एवढंच बोलली. त्या क्षणी माझ्या मनात दुःखाच्याही आधी एक प्रश्न आला, तो लिहायला लाज वाटते : त्यांनी त्या माणसाला सांगितलं तर नसेल?

भाऊजी वैनगंगेकाठच्या एका लहान सरकारी रुग्णालयात डॉक्टर होते. तपासण्या संगणकावरून मागवायची पद्धत आली तेव्हा त्यांच्या वयाचे बाकीचे डॉक्टर "सिस्टर, तुम्हीच टाका ना" म्हणून मोकळे झाले. भाऊजी स्वतः शिकले. एका बोटाने टाइप करायचे आणि मला ऐकवायचे, "तुह्या बँकेतले तरी याच्याहून कुठी जोरात मारते?" पडद्यावर दोन चौकटी होत्या, साधी आणि तातडीची. साधीचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येई. जंगलातल्या गावांतून जीप बदलत आलेल्या माणसाने रात्र कुठे काढायची? म्हणून भाऊजी साध्या खोकल्यालाही तातडीची खूण करू लागले. त्यांचं बघून सगळेच करू लागले, आणि प्रयोगशाळेतली यादी वरपासून खालपर्यंत लाल झाली.

पूर्वी खरी घाई असली की कोणीतरी चिठ्ठी घेऊन धावत जायचं. संगणक आल्यावर ते धावणं थांबलं. कुरखेड्याकडची एक बाई बाळंत झाली, रक्तस्राव थांबेना. भाऊजींनी खूण केली आणि दुसऱ्या पेशंटकडे वळले. तिची तपासणी मात्र खोकल्या-खरचटण्यांच्या मागे पडून राहिली. रिपोर्ट आला, चंद्रपूरला हलवायचं ठरलं, तोवर उशीर झाला होता… मुलगी वाचली, आई गेली. नवऱ्याला "रक्त फार गेलं" असं सांगण्यात आलं. ते खोटं नव्हतं.

भाऊजींना त्याच्या घरी जाऊन सगळं सांगायचं होतं. मी बँकेतला माणूस, मी भागाकार मांडला : एवढ्या वर्षांचे एवढे पेशंट, त्यात ही एक. शिवाय चौकशी लागली तर पेन्शन अडकेल. त्यांनी विचारलं, "प्रकाश, हा हिशेब तिच्या नवऱ्याले दाखवशील काय?"

"त्याला दाखवायची गरजच काय?" मी म्हणालो.

पुन्हा तो विषय निघाला नाही. मी त्यांना समजावलं, असं मी धरून चाललो.

भाऊजी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आटोपून बसलेल्या पंगतीत एक अनोळखी माणूस दिसला, कडेवर लहान मुलगी. मी भात वाढता वाढता ओळख विचारली. त्याने कुरखेड्याकडचं गाव सांगितलं आणि माझा हात थांबला.

"साहेब घरी आले होते नं," तो म्हणाला. "चूक आमची झाली म्हने, तपासनी मागं राह्यली. मले लय राग आला भाऊ. जा म्हटलं. उठले, पन गेले नाई. उन्हात आंगनात उभेच. मंग माह्या मायनं पानी देल्लं… तवापासून येतच राह्यले. पोरीची सुई, वजन, सारं तेच पाहे."

मी स्वयंपाकघरात गेलो. "ताई, तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला काऊन नाई सांगितलं?"

"तेच म्हणाले, प्रकाशले नको सांगू. तो घाबरते."

जेवणं उरकली. भाऊजींच्या खोलीत त्यांच्या खाटेवर ती मुलगी झोपली होती, बाप शेजारी जमिनीवर बसला होता. मला बघून तो सरकला, माझ्यासाठी जागा केली. मी दारातच उभा राहिलो.