शुक्रवारच्या आधी फुटलेला खोका

आमच्या मावशीच्या पुस्तकांच्या दुकानात रहस्यकादंबऱ्या सोडून बाकी सगळं नाइलाजाने विकलं जातं. कुणी शब्दकोश मागितला तर ती त्याच्याकडे असं बघते, की त्याने नुकताच कुणाचा तरी गळा दाबलाय. दूध पातळ आलं तर ती दूधवाल्यावर चिडत नाही, पहाटे कुठे होतास ते विचारते.

नावाजलेल्या लेखकांच्या येऊ घातलेल्या कादंबऱ्या आमच्याकडे आधीच सीलबंद खोक्यांतून येतात. प्रकाशकाची अट एकच: ठरलेल्या शुक्रवारपर्यंत चिकटपट्टीला नखही लागता कामा नये. लागलं, तर सगळे खोके समोरच्या चकचकीत काचांच्या पुस्तकदुकानात जाणार आणि पुढची पुस्तकंही तिकडेच. मावशीचं दुकान उभं आहे ते या पुस्तकांवरच. म्हणजे पट्टी फाटली की दुकान बसलंच.

बुधवारी सकाळी शटर वर केलं, तर वरच्या खोक्याची पट्टी चिरलेली आणि आतली एक प्रत गायब.

मावशी मटकन स्टुलावर बसली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, रोजच्यासारखे मागोमाग आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचू लागले. वर्तमानपत्र जरा जाड दिसत होतं. शिवाय बाहीला चिकटपट्टीचा तुकडा लोंबत होता.

"मावशी," मी कुजबुजलो, "काकांची बाही बघ."

"बघितली. ते नाहीत."

"अगं, पण किल्ली तुम्हा दोघांकडेच असते ना?"

"म्हणूनच नाहीत! आयुष्य गेलंय माझं या कादंबऱ्यांत. पहिल्याच प्रकरणात ज्याच्याकडे बोट जातं, तो कधीच नसतो. ज्याचा कुणाला संशय येत नाही, तो खरा." एवढं बोलून ती माझ्याकडे बघायला लागली.

"मी कशाला फोडू?"

"तू घाबरलेला नाहीस. तेच खटकतंय मला."

मी घाबरून दाखवलं, तर तेही तिला खटकलं. माझी उलटतपासणी चालू असताना मागून वर्तमानपत्राची नव्हे, पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज येत होता. मावशीने तो ऐकला, पण मनावर घेतला नाही.

दुपारी प्रकाशकाचा माणूस खोके तपासायला आला आणि त्याच्यामागून वह्यांचे गठ्ठे घेऊन टेम्पोवाला. बिचारा वर्षानुवर्षं आमचा माल आणतो, कधी एक कोपरा दुमडला नाही. झालं! मावशीला हवा तसा माणूस सापडला.

"इतका प्रामाणिक माणूस असतो का कुठे?" ती कडाडली. "खोका यानेच फोडलाय. उद्यापासून इकडे फिरकायचं नाही!"

"ताई, मला वाचता कुठे येतंय?" टेम्पोवाल्याचा चेहरा पडला.

"हेच! हेच म्हणणार होता तो!"

तेव्हा कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं आणि मागचं पुस्तक दिसलं.

"त्याला कशाला बोलतेस? मी फोडलाय," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्ही असूच शकत नाही."

"का नसेन? लग्न झाल्यापासून तू प्रत्येक पुस्तक माझ्या आधी वाचतेस आणि जेवताना खुनी सांगून मोकळी होतेस. एकदा तरी मला आधी कळावं म्हटलं. पटत नसेल तर सांगतो, या गोष्टीतला खून त्या..."

"नको!" मावशी आणि प्रकाशकाचा माणूस एकदम ओरडले. त्यानेही अजून वाचलं नव्हतं.

बराच वेळ त्याने मान हलवली. मग फुटलेला खोका आणि काकांच्या हातातली प्रत उचलली. "खरं सांगितलंत म्हणून बाकीचे राहू देतो. पण शुक्रवारच्या आत गावात कुणाच्या तोंडून खुन्याचं नाव ऐकलं, तर तुमचं दुकान आमच्या यादीत नसेल." ही तंबी काकांना होती.

मावशीने टेम्पोवाल्याला स्वतःच्या हाताने चहा दिला, "चुकलं माझं" म्हणाली. मग खुर्ची ओढून काकांच्या अगदी समोर बसली, पहाऱ्यावर. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांचं तोंड बंद आहे ना ते बघायची. काका नुसते गालात हसत होते.

तासभर तिने ते हसू सोसलं. मग मला हिशेबाच्या नावाखाली बाहेर पिटाळलं. मी दाराआडच थांबलो.

"अहो," हळूच आवाज आला, "नाव नको. बाई आहे की पुरुष, एवढंच सांगा."

"शुक्रवारी," काका म्हणाले.