बगळ्याच्या निजलेल्या टोप्या

आमचे साडूभाऊ, म्हणजे आमच्या हिच्या धाकट्या बहिणीचे यजमान, बंदरात क्रेन चालवायचे. लांबलचक पाय, बारीक मान आणि दिवसभर उंचावरच्या काचेच्या खोलीत एकटं बसणं, म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना बगळा म्हणत. खालचा माणूस हातांनी खुणा करायचा, हे वरून त्या वाचायचे आणि जहाजाच्या पोटातला पेटारा अलगद उचलायचे. वाऱ्याने पेटारा झोकांड्या खाऊ लागला की खाली पळापळ व्हायची. वर हे दांडा धरून ढिम्म.

दांडा ओढून ओढून उजवा खांदा मात्र कुरकुरायला लागला. डॉक्टरकडे कोण जातो? धक्क्याबाहेरच्या एका औषधवाल्याने पांढऱ्या गोळ्या दिल्या. दुखणं पळालं, भूक वाढली, गाल गुबगुबीत झाले. "बघायला आलात तेव्हा असे दिसला असता, तर होकार द्यायला मी एवढी रखडले नसते," असं मेहुणी म्हणायची. गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या. मग औषधवाला दुकान मिटवून मुलीकडे राहायला गेला आणि साडूभाऊंनी गोळ्या एकदम सोडल्या. खांदा बरा होता, कशाला हव्यात? अंगातलं त्राण गेलं, अन्न नकोसं झालं, आणि एका सकाळी क्रेनच्या शिडीला हात लावताच ते खाली कोसळले. वर जाऊन कोसळले नाहीत, हेच नशीब.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक टोपी असते. ती ग्रंथी. नाव अधिवृक्क. आमच्या गुरुजींनी हा शब्द लिहायला सांगितला असता तर मी तेव्हाच शाळा सोडली असती. माणसावर ताप, मार, धास्ती, काहीही कोसळलं की मेंदू हाळी देतो आणि या टोप्या अंगात एक रस सोडतात. त्याच्या जोरावर माणूस उभा राहतो. साडूभाऊंच्या गोळीत त्या रसाचाच सख्खा भाऊ होता.

"रोज बाहेरून डबा आला तर घरची चूल कोण पेटवणार?" बाई म्हणाल्या. "मेंदूने हाळी देणं सोडलं, ग्रंथी सुकल्या. आणि तुम्ही डबाही एकदम बंद केलात."

"मेल्या का हो त्या?" मेहुणीने विचारलं.

"नाही. ग्रंथीच्या सालीपाशी मूळ पेशी असतात. आतलं पीक वाळलं तरी त्या टिकतात. हाळी परत यायला लागली की त्यांच्यातून नव्या पेशी तयार होतात आणि हळूहळू आत सरकतात. पण हे घाईचं काम नाही."

मी तर हरखलोच. बियाणं! शहाणा माणूस उपाशी झोपेल, पण राखलेल्या बियाण्याला हात लावणार नाही. तीच रीत आपल्या पोटात, आणि आपल्याला पत्ता नाही! पुढे महिनाभर भेटेल त्याला मी हे सांगत सुटलो. न्हावी तर मला बघून खुर्ची आत ओढायचा.

बाईंनी आता मोजक्या गोळ्या सुरू केल्या. ताप आला, मोठी इजा झाली तर गोळी दुप्पट घ्यायची. ग्रंथी जाग्या झाल्या की नाही ते सुई टोचून, रक्त काढून कळेल, आणि तोवर क्रेनवर चढायचं नाही.

घरच्यांनी यातून एकच अर्थ काढला, की यांना धक्का बसता कामा नये. मग काय विचारता! पोरगा वाहन चालवण्याच्या परीक्षेत नापास झाला तर 'परीक्षक रजेवर होता'. छतातून पाणी गळायला लागलं तर बादलीवर टॉवेल टाकला. साडूभाऊ एकदा मला म्हणाले, "भाऊ, घरात कोणी गेलंय का? सगळे माझ्याकडे बघून हसतात."

शेवटी तपासणीचा दिवस आला. "त्या सकाळची गोळी घ्यायची नाही, रक्त काढून झालं की मगच," असं बाईंनी बजावलं होतं. साडूभाऊंनी घेतली नाही. ते शब्दाचे पक्के.

निकाल झकास आला. बाई म्हणाल्या, "आकडा छान आहे. गोळ्या कमी करत बंद करू, मग चढा क्रेनवर." घरी येताच साडूभाऊंनी कपाटातून कामाचे बूट बाहेर काढले आणि दारात बसून ते पुसायला लागले. मी समोरच होतो. शीळ घालत होते. मेहुणी आतबाहेर, आतबाहेर करत होती.

"अहो," ती म्हणाली, "ते बूट ठेवा."

"का? धक्का बसेल?"

"तपासणीच्या सकाळी दूध कडू लागलं ना तुम्हाला?"

"करपलं होतं म्हणालीस."

"गोळी कुटून घातली होती मी. रिकाम्या अंगाने निघालात, वाटेत पडला असता तर? शिडीपाशी पडलेला माणूस मी पाहिलाय, तुम्ही नाही पाहिलात."

साडूभाऊंचा हात थांबला. म्हणजे आकडा ग्रंथींचा नव्हता, गोळीचा होता. त्या भरवशावर गोळ्या सोडून ते वर चढले असते.

"मग आज तरी कशाला सांगितलंस?" ते ओरडले. आजारपणानंतर त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"तिथे वर क्रेनवर तुमच्या दुधात मी काय घालणार होते?" ती म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दोघं बाईंकडे गेली, मलाही साक्षीदारासारखं नेलं. बाई रागावल्या नाहीत. तपासणी पुन्हा झाली, या वेळी खरी. आकडा अर्ध्यावरच अडकला. "ग्रंथी जाग्या झाल्यात, पण अंथरूण सोडलेलं नाही," बाई म्हणाल्या.

साडूभाऊ धक्क्यावर गेले ते खुणा करणारा म्हणून. वरच्या खोलीत एक तरणा गडी बसायचा. तो ओरडायचा, "बगळेकाका, हात नीट हलवा, माशी हाकलताय का?" हे निमूट हात हलवायचे. गोळी नेमाने घ्यायचे, मधे ताप आला तेव्हा दुप्पटही घेतली. घरातलं छत त्यांनी स्वतःच दुरुस्त केलं, कारण आता त्यांना सगळं सांगायचं ठरलं होतं. पोरगा दुसऱ्यांदा नापास झाला तेही सांगितलं. "गाढवा," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

पुढच्या उन्हाळ्यात आकडा पुरेसा आला. दूध न पिता.

ते चढले त्या सकाळी मेहुणीने मलाही फाटकाशी नेलं. ती क्रेनकडे पाठ करून उभी राहिली.

"भाऊजी, कुठवर गेले?"

"निम्म्यावर. थांबलेत."

"पडले?"

"नाही, दम खातायत. निघाले."

"आता?"

"दार उघडलं. बसले खुर्चीत."

"मग चला, उन्हात कशाला उभं राहायचं?" ती म्हणाली, आणि मागे न बघता चालायला लागली.