बसऱ्याच्या लढाईतून आलेली देवी

हसनाबादेत बेबीनंदाच्या घरची देवी नवसाला पावते, असं सगळे म्हणत. बेबीनंदा स्वतः मात्र तसं कधी म्हणाली नाही. सेहेचाळीस वर्षं तिनं त्या देवीपुढं नवरात्राचा दिवा तेवत ठेवला, चिंचेनं घासून देवीला लख्ख केलं, नऊ-नऊ दिवस उपास केले. पण तुला काय पावली गं, असं कुणी विचारलं की ती उठून चहा टाकायला जायची.

देवी म्हणजे बशीएवढी गोल, जाड, पितळी चकती. तिच्यावर एक बाई उभी. डोक्यावर टोप, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्या हातात माळ, पायाशी सिंह. त्रिशूळ आणि सिंह दिसल्यावर आणखी पुरावा कशाला हवा? बाजूला दोन मासेही होते. त्यांचा अर्थ कुणी लावला नाही. देवाच्या अवतीभोवती काय काय असतं, आपण कुठं सगळ्याची चौकशी करत बसतो!

ही देवी घरात आली ती बेबीनंदाच्या आजेसासऱ्याच्या, सटवाजीच्या बदल्यात. राज्य तेव्हा निजामाचं, पण छावणी इंग्रजाची. इंग्रजाची तऱ्हाच तशी होती. गादीवर ज्याचा त्याचा राजा बसू द्यायचा, त्याच्याच खर्चानं त्याच्या उशाशी आपली फौज बसवायची, आणि मग दुसऱ्याचा मुलूख घ्यायचा झाला की इथली पोरं बोटीत भरायची. पहिल्या महायुद्धात सटवाजी भरती झाला तेव्हा बायकोच्या, चांगुणाबाईच्या मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू होतं. सटवाजीला मुंबईहून थेट इराकातल्या बसऱ्याला नेलं. भांडण इंग्रजाचं आणि तुर्काचं, आणि वाळूत पडला हसनाबादचा सटवाजी. कसा पडला, कुठं पुरला, हे कळवायची तसदी कुणी घेतली नाही.

चार वर्षांनी कचेरीतून शिपाई आला आणि त्यानं पाकिटातून ही चकती काढून दिली. सोबत एक इंग्रजी कागद होता. कचेरीचा कारभार उर्दूत, घरात अक्षरओळख कुणालाच नाही. पुढं तो कागद वाळवीनं खाल्ला. चांगुणाबाईनं चकती कपाळाला लावली आणि मनाशी ठरवून टाकलं, की नवरा मेला नाही, देवीच्या सेवेला राहिला, आणि ही त्याची खूण. तिनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. पितरपाटात सटवाजीच्या नावाचं पान कधी वाढू दिलं नाही. आणि देवीसाठी एक दंडक घालून दिला, की नवरात्रात घरच्या सुनेनं दिव्यापाशी बसायचं आणि नऊ दिवस उंबरठा ओलांडायचा नाही.

बेबीनंदा सतराव्या वर्षी या घरात आली आणि त्या दिव्यापाशी बसली. पाचव्या वर्षीच्या नवरात्रात तिचं पहिलं लेकरू, अकरा महिन्यांचा सोमेश्वर, तापानं फणफणला. नवऱ्यानं जालन्याला न्यायला जीप ठरवली. लेकरू अंगावर पिणारं, आईशिवाय राहणार नाही. सासू दारात आडवी उभी राहिली. "बसलेली बाई उठत नसती. देवी हाय ना बघायला." बेबीनंदा उठली नाही. तिनं देवीच्या पायाचा अंगारा लेकराच्या कपाळाला लावला, पोटाला लावला, जिभेवर ठेवला. पाचव्या माळेला सोमेश्वर गेला. सुतकामुळं घट उठवावा लागला, आणि सासू त्या उठलेल्या घटासाठी ढसाढसा रडली. हे बेबीनंदा विसरली नाही. पण त्यात कुठंतरी देवीची इच्छा असेल, या एका धाग्याला धरून ती उरलेला जन्म जगली. पुढं कल्याण झाला, नवरा गेला, गुडघे गेले. धागा सोडला नाही.

यंदा सर्वपित्रीला ती देवघरातली भांडी घेऊन ओट्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी घट. कल्याणची बायको शीतल शेजारी बसून नऊ महिन्यांच्या अर्पिताला पाजत होती. शीतल भोकरदनला हायस्कुलात इतिहास शिकवते.

"माझ्यानं आता बसवत न्हाई," बेबीनंदा चिंच चोळत म्हणाली. "या वर्षी घटाला तू बस. नऊ दिवस सुट्टी टाक."

"मी न्हाई बसणार, आई."

"का गं? अडचण येणार हाय का?"

"न्हाई." शीतलनं लेकीला खांद्यावर घेतलं. "ही देवी न्हाई, म्हणून."

बेबीनंदाचा हात थांबला. शीतलनं मोबाइल काढून समोर धरला. पडद्यावर हुबेहूब हीच बाई, हाच त्रिशूळ, हाच सिंह. आणि बाजूच्या चौकटीत परक्या माणसाचं नाव.

"शाळंच्या प्रदर्शनासाठी फोटो हुडकत होते, तवा सापडलं. सहा महिने झाले. तुमाला सांगायचा धीरच होईना. आई, ही इंग्रजाच्या राज्याची मूर्ती हाय. त्यांनी आपल्या राज्याला बाईचं रूप दिलं. तिरशूळ म्हंजे सगळ्या समुद्रावर त्यांची हुकमत. लढाईत जे मेले त्यांच्या घरोघर असल्या चकत्या धाडल्या. लाखांनी पाडल्या."

"हे कडंनं काय लिव्हलंय?" बेबीनंदानं पडद्यावर बोट ठेवलं.

"हा स्वातंत्र्यासाठी आणि इज्जतीसाठी मेला."

"कुणाच्या स्वातंत्र्यासाठी?"

या विषयावर दहावीच्या पोरांना पाच-पाच मार्कांचे प्रश्न घालणाऱ्या शीतलनं मोबाइल पालथा ठेवला.

"आणि आजेसासऱ्याचं नाव?"

शीतलनं चकतीवरच्या बाईच्या बाजूच्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथं गुळगुळीत होतं. "इथं होतं. घासून घासून गेलं."

शंभर वर्षं तीन पिढ्यांच्या सुनांनी चिंच आणि राख लावून सटवाजीला पुसून काढलं होतं. त्यातली सेहेचाळीस वर्षं बेबीनंदाच्या अंगठ्याची. तिनं चिंचेनं काळवंडलेला तो अंगठा पाहिला.

एवढ्यात कल्याण आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बायकोवरच उखडला. "उद्या बाया ओट्या भरायला येणार, अन् तू हे काय काढून बसलीस? शंभर वर्षं पुजली म्हंजे देवीच झाली की! माय, तू मनावर घेऊ नको."

"देवी झाली?" बेबीनंदा उभी राहिली. तिचा आवाज गल्लीत ऐकू जात होता. "माझं लेकरू हिच्या पायाशी तडफडून मेलं, कल्याण. मी उठले न्हाई. देवीनं नेलं म्हणून चाळीस वर्षं गप बसले. मग मी हिच्यापायी बसले व्हते? ज्यांनी या घरचा कर्ता माणूस नेला, त्यांच्या ठप्प्यापायी?"

कल्याण आत जाऊन पाट मांडू लागला.

त्या दुपारी घरात पहिल्यांदा सटवाजीच्या नावाचं पान वाढलं गेलं. शेजारी बेबीनंदानं दूधभाताची वाटी ठेवली. एवढ्या लहान लेकराचं पान वाढत नाहीत, असं कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. मग चकती पदरात गुंडाळून ती दुखऱ्या गुडघ्यांनी बाजारात गेली.

बाजारात सिराजोद्दीनचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या आहेराच्या भांड्यांवर नावं टाकायचं मशीन गावात त्याच्याकडेच आहे. तिनं चकती काउंटरवर ठेवली.

"हिच्यावर दोन नावं टाक, भाईजान. सटवाजी अन् सोमेश्वर."

सिराजोद्दीन दचकला. "भाभी, ये तो तुमची देवी हाय ना? कुठं टाकू? जागा कुठाय?"

"तिच्या अंगावर टाक. देवी न्हाई ती."

मान खाली घालून त्यानं मशीन सुरू केलं. बाईच्या झग्यावर सटवाजी उमटला, सिंहाच्या पाठीवर सोमेश्वर. आयुष्यभर ताटं-तांबे कोरलेला माणूस, हाताच्या सवयीनं त्यानं विचारलं, "खाली 'सप्रेम भेट' टाकू?"

"न्हाई," बेबीनंदा म्हणाली. "आमी भेट न्हाई दिली. हिनं नेले. तसंच लिव्ह."

सिराजोद्दीननं सुई टेकवली आणि तसंच लिहिलं.